नागपूरच्या महालातल्या एका लग्नाच्या स्टुडिओकडून अख्ख्या गावाचे फोटो काढून घेतले, त्याचा अनुभव

पाचपैकी तीन तारे. त्यातला एक अख्खा तारा मालकाच्या मागं स्टँड आणि बॅटऱ्या वाहणाऱ्या पोराचा. बाकीचे दोन मालकानं मे महिन्याच्या उन्हात तिन्ही दिवस सकाळी साडेसहाला गावात हजर राहून कमावले. स्टुडिओचं नाव टाकत नाही, तक्रारही लिहायची आहे.

काम लग्नाचं नव्हतं. आमचं गाव सावनेरकडचं, वर संत्रा-कपाशी, खाली कोळसा. 1957 च्या कोळसा कायद्याच्या कलम 7 ची, म्हणजे सरकारला ही जमीन घ्यायची आहे अशी, अधिसूचना निघाली, तिची झेरॉक्स ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली. गट क्रमांकांच्या रांगेत आमचाही. हरकत घ्यायला 30 दिवस. हरकती टाईप झाल्या, सह्या-अंगठे झाले. तेव्हा पारावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मोजनीवाले आले न त्याईनं कोठा लिहिलाच नाही, तं मंग?" कोठा म्हणजे गुरांचा गोठा. कोणाजवळ उत्तर नव्हतं.

फोटोची कल्पना माझी. गोंडखैरीच्या कोळसा खाणीची जनसुनावणी जुलै 2023 मध्ये झाली, तेव्हा मी मागं उभा राहून ऐकत होतो. लोकांचा विरोध जोरात होता, पण माझं लक्ष कॅमेऱ्यावर. सुनावणीचं पूर्ण चित्रीकरण करायचं, असा 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेतच नियम आहे. बोलणाऱ्या माणसाचं चित्रीकरण होतं, तो ज्याच्याबद्दल बोलतो त्या घराचं, विहिरीचं होत नाही. ते आपणच करावं म्हटलं.

120 घरं, घरामागे दीडशे रुपये वर्गणी, म्हणजे 18,000. त्यात तीन दिवस शूटिंग, एक अल्बम, एक पेनड्राइव्ह. मोबाइलवर का नाही काढले, असं कोणी विचारेल. काढून पाहिले. कोणी घरापेक्षा स्वतःचाच मोठा काढला, कोणी उभा, कोणी आडवा, अर्ध्यांत तारीख नाही.

मालकानं पहिल्याच घरी बाईला पदर नीट करायला लावला आणि "थोडं हसा" म्हटलं. ती म्हणाली, "घर मोजाले फोटो काढून राह्यले न जी, हासू कायले?" मग पोरानं डोकं लावलं. दहा फुटी बांबू मागवला, फुटाफुटावर गेरूचे पट्टे मारले आणि प्रत्येक भिंतीला टेकवून फोटो घ्यायचा म्हटला. छपरी, न्हाणी, कोठा, कवेलू म्हणजे छपराची कौलं, सगळ्यांची उंची फोटोतच मोजता येते. विहिरीत गाठी मारलेला दोर सोडला, गाठी मोजतानाचा फोटो. घराआधी दारात नमुना आठचा, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीचा, उतारा धरून एक फोटो, शेतात सातबारा धरून. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

माझी संत्र्याची 318 झाडं आहेत. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 29 प्रमाणे झाडांची किंमत शेती-बागायतीतल्या जाणकाराकडून ठरवून घेता येते, आणि या कोळसा कायद्याखालच्या मोबदल्यालाही आता त्याच कायद्याचे हिशेब लागतात. पण जाणकार येईल तेव्हा त्याला काय दिसेल? माझ्या सातबाऱ्यावर नुसतं 'संत्रा' आणि क्षेत्र. यात तीन वर्षांची, अजून फळावर न आलेली कलमं आहेत आणि अठरा वर्षांची, दोन्ही बहार घेतलेली झाडंही आहेत. पोरानं चुन्यानं प्रत्येक बुंध्यावर नंबर टाकला, बुंध्याला टेप गुंडाळून फोटो घेतला. धुऱ्यावरचे सागसुद्धा सोडले नाहीत. 318 फोटो वेगळे पैसे न घेता. तो तारा त्याचाच.

ड्रोन घेऊ नका. मालकानं गळ्यात मारला, चार हजार जास्तीचे गेले. वरून सगळे कवेलू एकसारखे, आणि अर्धी घरं चिंचेखाली झाकलेली.

आता तक्रार. अल्बम आला तो लग्नाचाच, जाड पानांचा, कडेला गुलाब. ते चाललं असतं. पण आमच्या आईनं आमच्या घराचा फोटो दोन मिनिटं पाहिला आणि विचारलं, "कोनाचं घर होय हे?" भिंतीची चीर बुजवलेली, रंग उजळ, आणि वर निळं आभाळ. मी पानं उलटली. 120 घरांवर तोच एक पांढरा ढग. मेमध्ये, सावनेरला! अशा फोटोवर कोणताही साहेब म्हणेल, "हे तर बनवलेलं आहे", आणि ते खरंच असेल.

खरा घोटाळा घर नंबर 64 मध्ये होता. तिथली बाई शेतमजूर, घर सरकारी जागेवर, नमुना आठ तिच्या नावावर नाही. तिच्या नावावर आहे ते फक्त विजेचं मीटर. दरवाज्याच्या उजव्या अंगाला, ताराच्या गुंतवळ्यात लटकलेलं. आम्ही मुद्दाम मीटरचा नंबर वाचता येईल असा फोटो घ्यायला लावला होता. अल्बममध्ये तिथं सपाट, गुळगुळीत भिंत. एडिटिंगवाल्यानं मीटर पुसलं होतं, कारण "खराब दिसत होतं जी." मी महालात दुकानात जाऊन मालकासमोर ते पान उघडून ठेवलं. त्यानं चहा मागवला, आणि म्हणाला की कार्ड तर पुढच्या लग्नासाठी रिकामं केलं.

मूळ फाइली पोराजवळ निघाल्या. आपल्या पेनड्राइव्हवर रोज रात्री उतरवून ठेवत होता, मालकाला न सांगता. मीटरचा नंबर स्पष्ट आहे, आकडा न आकडा.

ज्यांच्या गावात अशी झेरॉक्स लागली असेल त्यांनी या स्टुडिओकडे जायला हरकत नाही, पण जाताना कागदावर लिहून घ्या: रंग, आभाळ, चीर, तार, काही एक हलवायचं नाही, मूळ फाइली त्याच दिवशी तुमच्या हातात. फोटोवर तारीख आणि अक्षांश-रेखांश येणारं ॲप मोबाइलवर असतं, घरामागे एक फोटो त्यानंही काढा. आणि तो पोरगा येणार का, हे आधी विचारा.

साधा अल्बम पुन्हा छापून घेतला, गुलाबाविना. ढगवाला जुना आईनं परत जाऊ दिला नाही, ट्रंकेत ठेवला. नव्यात 61 ते 68 नंबरची पानं उलटसुलट बांधली आहेत, मीटरवालं घर दुसऱ्याच्याच नावाखाली गेलंय. ती सुधारून येईपर्यंत बाकीचे 1,500 रुपये माझ्याजवळच राहतील.