स्टिव्ह बेटर्सचा 'डिसकनेक्टेड': काही महिने सलग ऐकल्यानंतर

स्टिव्ह बेटर्स हे नाव बहुतेकांना 'डेड बॉइज' या अमेरिकन पंक बँडमुळे ठाऊक असतं. 'सॉनिक रिड्यूसर' गाणारा, न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबच्या स्टेजवर माइकची वायर गळ्याभोवती गुंडाळून घेणारा, हाडं मोजता येतील इतका काटकुळा माणूस. त्याच माणसाने १९८० साली स्वतःच्या नावाने 'डिसकनेक्टेड' हा अल्बम काढला. त्यात पॉवर पॉपची, म्हणजे जोरकस गिटारींवरच्या गोड पॉपची, चाल आहे, साठच्या दशकातल्या गॅरेज रॉकची खरखर आहे आणि पंकचा राग थोडा आत ओढून घेतलेला आहे. गेले काही महिने मी हा अल्बम घरात, लोकलमध्ये, रात्री हेडफोन लावून ऐकतेय. आता माझं मत पक्कं झालंय: बेटर्सने गायलेलं सगळ्यात चांगलं काम इथे आहे. डेड बॉइजच्या दोन्ही स्टुडिओ अल्बमवर माझा जीव आहे आणि तरीही मी हे म्हणतेय.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय हा अल्बम अर्धाच कळतो. डेड बॉइज मूळचे ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडचे. 'रॉकेट फ्रॉम द टूम्ब्स' हा तिथला बँड फुटला. त्यातून एका बाजूला 'पेरे उबू' निघाला, दुसऱ्या बाजूला गिटारवादक चीता क्रोम आणि ड्रमर जॉनी ब्लिट्झ बेटर्सबरोबर आले. १९७६ साली ही मंडळी न्यूयॉर्कला गेली. सीबीजीबीचा मालक हिली क्रिस्टल त्यांचा मॅनेजर झाला. १९७७ साली पहिला अल्बम आला, 'यंग, लाउड अँड स्नॉटी', निर्माती गेन्या रॅव्हन. दुसरा १९७८ साली. १९७९ मध्ये बँड विस्कटला. म्हणजे 'डिसकनेक्टेड' आला तेव्हा बेटर्स तिशी ओलांडलेला, बँड गमावलेला आणि एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या करारातून बाहेर पडलेला गायक होता.

इथे लोक सहसा म्हणतात की पंक गायक थकला आणि पॉपकडे वळला. मला ते अजिबात पटत नाही. बेटर्स १९४९ सालचा, ओहायोतल्याच यंग्सटाउनचा. पोलाद गिरण्यांचं शहर. तो पंधरा-सोळा वर्षांचा होता तेव्हा अमेरिकेतल्या प्रत्येक गावात चार पोरं गॅरेजमध्ये जमून बीटल्स आणि रोलिंग स्टोन्सची नक्कल करत होती. त्या नकलेतून गॅरेज रॉक फोफावला: तीन कॉर्ड, फझ लावलेली म्हणजे खरखरीत केलेली गिटार, स्वस्तातला ऑर्गन आणि सोडून गेलेल्या मुलीवरचा राग. ओहायोत तर हे फार जोरात होतं. क्लीव्हलँडच्या 'द क्वायर' या बँडने साठच्या दशकाच्या मध्यात 'इट्स कोल्ड आउटसाइड' हे गाणं केलं. पुढे त्याच क्वायरमधली तीन माणसं एरिक कार्मेनबरोबर 'रास्पबेरीज'मध्ये गेली, आणि ज्या बँडांनी पॉवर पॉपचा साचा घडवला त्यांत रास्पबेरीजचं नाव अगदी वर आहे. थोडक्यात, त्या मुलखात गॅरेज आणि पॉवर पॉप वेगळे कधी नव्हतेच. एकाच घरातले थोरले-धाकटे म्हणावेत इतके ते जवळचे.

म्हणून बेटर्सने एकटं गायचं ठरवल्यावर १९७९ साली पहिली सिंगल (एकेका गाण्याची छोटी तबकडी) कुठली काढली, तर हेच 'इट्स कोल्ड आउटसाइड'. तो नवीन कुठे गेला नाही, शाळेच्या वयात रेडिओवर जे वाजायचं तिकडे गेला. खरं तर डेड बॉइजच्या पहिल्या अल्बममध्येही 'सिंडिकेट ऑफ साउंड' या साठच्या दशकातल्या गॅरेज बँडचं एक गाणं आहेच. तेव्हा ते आरडाओरड्यात दबलं होतं, इतकंच.

दुसरा धागा फ्रँक सेसिचचा. ओहायोतला 'ब्लू अॅश' हा बँड त्याचा. १९७३ साली त्यांचा 'नो मोअर, नो लेस' आला. पॉवर पॉपची आवड असलेल्यांनी तो जरूर शोधावा. तो विकला गेला नाही, पण त्यातल्या गिटारी आणि एकमेकांत मिसळलेले आवाज आजही ताजे आहेत. 'डिसकनेक्टेड'मध्ये सेसिच आहे, जॉर्ज कॅबॅनिसची गिटार आहे आणि ड्रमवर टोरंटोहून आलेला डेव्हिड क्विंटन. ही तिघं चाल सांभाळतात म्हणून बेटर्सला तिच्यावर पाय देऊन उभं राहता येतं. डेड बॉइजमध्ये गायक आणि गिटार एकमेकांशी भांडत असत आणि ते भांडण हीच त्यांची मजा होती. इथे वाद्यं गायकाला जागा करून देतात.

तिसरा धागा रेकॉर्ड कंपनीचा. अल्बम निघाला कॅलिफोर्नियातल्या 'बॉम्प! रेकॉर्ड्स'कडून. ग्रेग शॉने आधी त्या नावाचं फॅन मासिक चालवलं आणि १९७४ साली 'फ्लेमिंग ग्रूव्हीज' या बँडच्या सिंगलने लेबल सुरू केलं. साठच्या दशकातल्या विसरलेल्या गॅरेज बँडांसाठी आणि पॉवर पॉपसाठी या माणसाने आयुष्य घातलं. १९७८ साली त्याने मासिकाचा एक अंकच पॉवर पॉपला वाहिला होता. बेटर्ससारखा पंक गायक आणि शॉसारखा संग्राहक एकत्र आले तर काय होईल, त्याचं उत्तर म्हणजे हा अल्बम. निर्मितीत बेटर्सबरोबर थॉम विल्सन होता, ज्याने पुढे 'द ऑफस्प्रिंग' या बँडच्या १९९४ सालच्या 'स्मॅश' अल्बमची निर्मिती केली.

आता गाण्यांकडे. नऊ गाणी आहेत आणि सगळा मामला अर्ध्या तासाच्या आसपास आटपतो. सुरुवात 'ईव्हिल बॉय'ने होते. हे गाणं डेड बॉइजच्या माणसांना धीर द्यायला पुढे ठेवलंय असं मला वाटतं: मग्रूर, ठेक्यावर पाय आपटणारं. दुसरं 'बॅड लक चार्म' लागलं की वारा बदलतो. चाल उघडी होते आणि ध्रुवपद पहिल्याच ऐकण्यात तोंडात बसतं.

तिसऱ्या गाण्यावर मला जास्त बोलायचंय. 'अ मिलियन माइल्स अवे'. ('प्लिमसोल्स' या बँडचं याच नावाचं एक प्रसिद्ध गाणं आहे, ते वेगळं.) अल्बमभर जी घाई आहे ती इथे थांबते. लय खाली येते, अंधार येतो, आणि बेटर्सचा तो नाकातला, कुत्सित वाटणारा आवाज अचानक एकटा वाटायला लागतो. डेड बॉइजमध्ये त्याचा आवाज हे हत्यार होतं, समोरच्याला टोचायचं. इथे तोच आवाज, तोच खरखरीत कंठ, पण टोक आतल्या बाजूला वळलेलं. सुरुवातीच्या आठवड्यांत मी हे गाणं वेगळ्या गाण्यांकडे जायचा पूल म्हणून ऐकत असे. आता अल्बम लावते तीच याच्यासाठी. रात्री उशिरा, दिवे मालवून, चांगल्या हेडफोनवर ऐका. फोनच्या स्पीकरवर यातली खोली पार हरवते.

तबकडीच्या दुसऱ्या बाजूची सुरुवात एका जुन्या गाण्याने होते: 'द इलेक्ट्रिक प्रून्स' या बँडचं 'टू मच टू ड्रीम', मूळ १९६६ सालचं. गिटारवादक आणि संगीत समीक्षक लेनी के याने १९७२ साली 'नगेट्स' या गॅरेज रॉकच्या संकलनात पहिलंच गाणं म्हणून हे ठेवलं होतं. त्या संकलनाने पुढच्या पंक पिढीला आपले पूर्वज दाखवले, त्यामुळे ही निवड सूचक आहे. मूळ गाण्याच्या आरंभी उलटी वाजवलेली, थरथरणारी गिटार आहे, झोपेतून दचकून उठल्यासारखी. बेटर्सच्या हातात गाण्यातलं स्वप्न कमी होतं आणि संताप वाढतो. मला मूळ जास्त आवडतं, हे सरळ सांगते. पण या अल्बमच्या मध्यावर ते नेमकं शोभतं, कारण आधीची आणि नंतरची गाणी कुठून आली ते तिथे ऐकू येतं. एकदा 'नगेट्स'मधलं मूळ आणि लगेच हे, असं पाठोपाठ ऐकून पाहा.

आणि मग 'द लास्ट इयर'. हे गाणं त्या पहिल्या सिंगलच्या मागच्या बाजूलाही होतं. झुळझुळणाऱ्या गिटारी, मध्यम लय, साठच्या दशकातल्या फोक रॉकची आठवण करून देणारी सुरावट, आणि तिच्यावर एक माणूस जो गोड गायचा प्रयत्न करत नाही, तरी गाणं गोड होतं. पॉवर पॉपमधली माझी नेहमीची तक्रार अशी की आवाज फार धुतलेले, इस्त्री केलेले असतात. दुःखाचं गाणं असलं तरी गायकाला काही लागलंय असं वाटत नाही. बेटर्सला ती सफाई जमतच नाही. वरच्या सुरावर त्याचा आवाज चिरतो आणि ती चीर चालीपेक्षा जास्त बोलते. या प्रकारातल्या कुठल्याही उत्तम गाण्याशेजारी मी हे ठेवीन.

बाकीच्यांवर थोडक्यात. 'मेक अप युअर माइंड' धावतं आणि चांगलं धावतं. 'स्विंगिन अ गो-गो' मला या काळात सर्वांत कमी भिडलं. पार्टीचं गाणं आहे, पार्टीत ठीक. 'रेडी एनीटाइम' नीटस आहे. शेवटचं 'आय वॉना फरगेट यू' अल्बम ज्या जोरात संपवतं तो जोर योग्यच आहे, उदासीवर संपवलं असतं तर बेटर्सचा स्वभाव खोटा ठरला असता.

ध्वनीबद्दल एक खरी तक्रार. ड्रम आणि खालचे सूर आजच्या कानाला बारीक लागतात. मोठ्या स्पीकरवर लावलं आणि आवाज वाढवला तरी छातीवर धक्का बसत नाही. बेस थोडा चढवला की फरक पडतो, पण फार चढवू नका, गिटारीची झुळझुळ चिखलात जाते. हेडफोनवर मात्र मागचे मिसळलेले आवाज, दोन गिटारींमधली देवघेव फार सुरेख ऐकू येते. लोकलच्या गोंगाटात वेगवान गाणी टिकतात, 'अ मिलियन माइल्स अवे' टिकत नाही.

घरी हा अल्बम सगळ्यांना चालतो, हा एक अनपेक्षित फायदा. डेड बॉइज लावले की आई दार लावून घ्यायची. 'बॅड लक चार्म' मात्र ती स्वयंपाक करताना गुणगुणते. माझ्या धाकट्या भावाला सॉनिक रिड्यूसर पाठ आहे. त्याला 'द लास्ट इयर' ऐकवलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, हा तोच माणूस? मग तिकडे एवढा का ओरडत होता?" मी म्हटलं, "तिकडेही हेच गात होता रे, चाल ऐकू येत नव्हती एवढंच." भाऊ अजून मानत नाही. त्याला डेड बॉइजच खरे वाटतात आणि विशीत तसंच वाटावं.

घेताना एक लक्षात ठेवा. मूळ अल्बम नऊ गाण्यांचा. 'इट्स कोल्ड आउटसाइड' आणि 'नॉट दॅट वे एनीमोअर' या सिंगल्स त्या नऊत नाहीत आणि त्या नसतील तर चित्र अपुरं राहतं. बॉम्पने काढलेल्या 'एल.ए. एल.ए.' या संकलनात त्या काळातल्या सिंगल्स मिळतात. नंतरच्या आवृत्त्यांत जादा गाणी जोडलेली असतात आणि ती आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून पाकिटावरची यादी वाचूनच पैसे द्या. आणि जादा गाणी असली तरी पहिल्यांदा नऊच ऐका. हा अल्बम ज्या क्रमाने बांधलाय तो क्रम महत्त्वाचा आहे.

बेटर्स इथे फार थांबला नाही, याचं मला वाईट वाटतं. १९८१ साली 'शॅम ६९' या इंग्लिश पंक बँडच्या वादकांबरोबर त्याने 'द वाँडरर्स' हा बँड केला. त्याच वर्षी जॉन वॉटर्सच्या 'पॉलिएस्टर' चित्रपटात काम केलं. मग 'डॅम्ड' या इंग्लिश पंक बँडच्या ब्रायन जेम्सबरोबर 'लॉर्ड्स ऑफ द न्यू चर्च' हा बँड आला, जो काळोख्या, नाट्यमय वळणाचा आहे आणि लोकांना तोच जास्त आठवतो. जून १९९० मध्ये पॅरिसमध्ये त्याला गाडीची धडक बसली. तो घरी गेला आणि झोपेतच गेला. वय चाळीस. पॉवर पॉप आणि गॅरेजच्या या वाटेवर त्याच्या नावाचा दुसरा स्टुडिओ अल्बम त्याच्या हयातीत आलाच नाही.

नव्याने ऐकणाऱ्यांना माझा सल्ला: आधी 'यंग, लाउड अँड स्नॉटी' एकदा संपूर्ण ऐका, म्हणजे आवाज ओळखीचा होईल. मग द क्वायरचं मूळ 'इट्स कोल्ड आउटसाइड', त्यानंतर बेटर्सचं. मग 'डिसकनेक्टेड' पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये गाणं न बदलता. पहिल्या खेपेला फक्त दोन-तीन चाली लक्षात राहतील. 'अ मिलियन माइल्स अवे' रुजायला मला कित्येक आठवडे लागले, तेवढा वेळ त्याला द्याच.