पुढे पळणारे घोडे: आधी कोणाची कारकीर्द बघावी? डेझर्ट ऑर्किड, सायलेन्स सुझुका की सिअ‍ॅटल स्लू

भाच्याला एका जपानी अ‍ॅनिमेने घोड्यांच्या शर्यतींचा नाद लावलाय. पैसे लावायचा नव्हे, जुन्या शर्यती बघायचा. परवा त्याचा फोन आला. "मामा, मला फक्त पहिल्यापासून पुढे पळणारे घोडे बघायचेत. मागून येऊन जिंकणारे नकोत. रविवार मोकळा आहे. कोणापासून सुरू करू?" त्याच्या यादीत तीन नावं होती: इंग्लंडचा डेझर्ट ऑर्किड, जपानचा सायलेन्स सुझुका आणि अमेरिकेचा सिअ‍ॅटल स्लू. मी घाईत "सुझुका" म्हणून मोकळा झालो. रात्री वाटलं, चुकलंच. म्हणून हे जरा सविस्तर, त्याच्यासाठी आणि त्याच्यासारखाच एकच रविवार हातात असलेल्यांसाठी.

पुढे पळणं महाग का पडतं, ते आधी. पुढच्या घोड्याला वारा कापावा लागतो, मागचे त्याच्या आडोशाला दम राखून असतात. मागच्या जॉकीला सगळी शर्यत डोळ्यांसमोर दिसते. पुढच्याला फक्त मोकळी धाव दिसते आणि मागून टापा ऐकू येतात. तो वेग डोक्यातल्या घड्याळावर ठरवतो. पहिला अर्धा भाग दोन सेकंद जास्त वेगात गेला, तर शेवटच्या दोन फर्लांगांत त्याची वसुली होते. महालक्ष्मीच्या स्टँडमध्ये बसलेला कोणीही जाणता माणूस अशा घोड्याबद्दल पहिला प्रश्न हाच विचारतो: कोणी जवळ आलं तर हा काय करतो?

माझ्या मते या तिघांमधली निवड याच प्रश्नावर करावी. जिंकलेल्या शर्यती मोजून काही कळत नाही. आकडे हवेच असतील तर हे घ्या. स्लू 17 वेळा पळाला आणि 14 वेळा जिंकला. सुझुका 16 वेळा पळाला, 9 वेळा जिंकला. डेझर्ट ऑर्किड 70 शर्यतींत 34 वेळा. टक्केवारीत स्लू सरळ पुढे. पण डेझर्ट ऑर्किड 1983 ते 1991 अशी नऊ वर्षं पळत होता, तेही कुंपणं आणि खंदकांवरून उड्या मारत. सुझुकाची अख्खी कारकीर्द फेब्रुवारी 1997 ते नोव्हेंबर 1998, म्हणजे जेमतेम एकवीस महिन्यांची. तिघांना एकाच तराजूत घालणं म्हणजे कसोटीतला सलामीवीर आणि टी-ट्वेन्टीतला फटकेबाज यांची सरासरी शेजारी शेजारी मांडणं.

सायलेन्स सुझुकापासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांना आधी तोच भेटतो.

हा सुरुवातीला वेडाच होता. दुसऱ्याच शर्यतीत, 1997च्या 'यायोई शो' नावाच्या शर्यतीत, तो स्टार्टिंग गेटच्या खालून वाकून बाहेर निघाला आणि जॉकीला पाडलं. त्याला पुन्हा गेटमध्ये आणलं, तर सुटताना एवढा उशीर केला की शर्यत तिथेच संपली. मग माणसांनी त्याला शहाणं करायचं ठरवलं. जपानी डर्बीत त्याला आवरून पळवलं आणि तो नववा आला. गंमत बघा, ती डर्बी सनी ब्रायन नावाच्या घोड्याने जिंकली, आणि तीही पहिल्यापासून पुढे राहून! जे सुझुकाला करू दिलं नाही, ते दुसऱ्याने त्याच्या डोळ्यांदेखत केलं.

त्याच वर्षी डिसेंबरात हाँगकाँगमध्ये जॉकी युताका ताके त्याच्या पाठीवर बसला. शर्यत हरले, पण पुढच्या वर्षी ताकेने लगाम सैल सोडला आणि घोडा सुटला. 1998मध्ये ओळीने सहा विजय. जपानी लोक पुढे पळण्याच्या या तऱ्हेला 'निगे' म्हणतात, म्हणजे शब्दशः पळ काढणं. मराठीत पळ काढणारा भित्रा असतो. इथे मात्र पळ काढायलाच छाती लागते. मे महिन्यातल्या किन्को शोमध्ये त्याने 2000 मीटर 1 मिनिट 57.8 सेकंदांत संपवले आणि दुसऱ्या क्रमांकाचा घोडा अकरा लांब्यांनी (एक लांबी म्हणजे एका घोड्याची लांबी) मागे राहिला. जुलैत ताकाराझुका किनेन जिंकली. त्या दिवशी ताके दुसऱ्या घोडीवर होता आणि सुझुकावर कात्सुमी मिनाई.

पण बघायची ती 11 ऑक्टोबर 1998ची माइनिची ओकान. पाठीवर 59 किलो. समोर तोवर एकही शर्यत न हरलेले दोन घोडे, एल कोंडोर पासा आणि ग्रास वंडर. सुझुकाने पहिले 1000 मीटर 57.7 सेकंदांत काढले. तुम्ही म्हणाल, आता हा मोडणार. पण शेवटच्या सरळ धावेत तो आणखी लांब जातो. एल कोंडोर पासा अडीच लांब्या मागे. तोच एल कोंडोर पासा पुढच्याच महिन्यात जपान कप जिंकला आणि 1999मध्ये पॅरिसच्या आर्क द त्रिऑम्फमध्ये दुसरा आला. ऐऱ्यागैऱ्याला हरवलं नव्हतं.

तरीही सुझुका आधी बघू नका म्हणतो, त्याचं कारण नेमकं हेच आहे. 1998च्या वसंतापासून त्याला खऱ्या अर्थाने गाठलंच कोणी नाही. ताकाराझुकात अंतर पाऊण लांबीवर आलं होतं, एवढंच. शेजारी दुसरा घोडा आल्यावर तो काय करतो, हे बघायला मिळत नाही. मग 1 नोव्हेंबर 1998, तोक्यो, शरद ऋतूतली तेन्नो शो. पहिले 1000 मीटर 57.4 सेकंद, मागचे नजरेच्या टप्प्याबाहेर, आणि वळणावर डावा पुढचा पाय मोडला. त्याला वाचवता आलं नाही. चार वर्षांचा होता. ही शर्यत आधी पाहिलीत तर बाकीच्या सगळ्या शर्यती तिच्या सावलीत जातात, दर वळणावर पोटात गोळा येतो आणि घोडा दिसायचाच राहतो. इंटरनेट मात्र तीच सगळ्यात आधी समोर आणून ठेवतं.

सिअ‍ॅटल स्लूबद्दल थोडक्यात, कारण त्याची गोष्ट जिंकण्याचीच आहे आणि जिंकण्याच्या गोष्टी एकसारख्या होतात. 1975मध्ये शिंगरू असताना 17,500 डॉलरला विकला गेलेला हा घोडा 1977मध्ये केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट अशा तिन्ही शर्यती, म्हणजे 'ट्रिपल क्राउन', जिंकला, आणि तोवर एकही न हरता. असं करणारा तो पहिलाच. डर्बीत गेट उघडल्यावर अडखळला, मग समोरच्यांना ढकलत रांग फोडून पुढे गेला. तेवढा तुकडा जरूर बघा. महिन्याभरातच हॉलिवूड पार्कला जे. ओ. टोबिनने त्याला धूळ चारली, सोळा लांब्यांनी. 1978मध्ये मार्लबरो कपमध्ये त्याने त्या वर्षीचा ट्रिपल क्राउन विजेता अफर्म्डला हरवलं. दोन ट्रिपल क्राउन विजेते आमनेसामने येण्याची ती पहिलीच वेळ.

पण स्लूची सगळ्यात मोठी शर्यत तो हरलेला आहे. 14 ऑक्टोबर 1978, बेलमाँट, चिखलाने भरलेली धाव, दीड मैलाची जॉकी क्लब गोल्ड कप. अफर्म्डच्या गोटाने त्याचाच साथीदार लाइफ्स होप स्लूला दमवायला पुढे धाडला. पहिला पाव मैल तेवीस सेकंदांच्या आत गेला. दीड मैलाच्या शर्यतीला हा वेग म्हणजे आत्महत्या. अफर्म्डची जीन सरकली आणि तो गळाला. तेवढ्यात वीसेक लांब्या मागून एक्सेलर नावाचा घोडा आतल्या बाजूने वर आला आणि स्लूला ओलांडून गेला. इथे कोणीही संपला असता. स्लूने पुन्हा जोर धरला. चिखलात, दमलेला, इंचाइंचाने एक्सेलरला गाठत शेवटी नाकाच्या फरकाने हरला. बऱ्याच जाणकारांना त्याच्या ट्रिपल क्राउनपेक्षा हीच शर्यत मोठी वाटते, आणि मलाही.

आता डेझर्ट ऑर्किड. करडा, पुढे पांढराच झालेला, खच्ची केलेला घोडा, ट्रेनर डेव्हिड एल्सवर्थ. इंग्लंडमध्ये त्याला लाडाने डेसी म्हणत. 1983मधल्या पहिल्याच शर्यतीत केम्प्टनच्या मैदानावर असा पडला की उठेल का, याचीच शंका होती. अडथळ्यांच्या शर्यतीत पुढे पळणं वेगळंच. सपाट शर्यतीत आघाडी पायांनी मिळते, इथे ती उडीतही मिळते: कुंपणापासून लांबूनच झेप घेणारा घोडा दर उडीला अर्धी-एक लांबी कमावतो. चुकला तर तोंडावर आपटतो. डेसी लांबून झेप घेणारा होता. 1986मध्ये केम्प्टनच्याच किंग जॉर्ज चेस या अडथळ्यांच्या शर्यतीला तीन मैल याला झेपणार नाहीत म्हणून भाव 16 ला 1 होता. जॉकी सायमन शेरवुडने त्याला पुढे सोडलं आणि तो पंधरा लांब्यांनी जिंकला. ती शर्यत त्याने पुढे 1988, 1989 आणि 1990मध्येही जिंकली.

त्याची एक खोड होती: उडी मारताना उजवीकडे जायचा. केम्प्टन उजव्या वळणाचं, तिथे ही खोड खपून गेली. चेल्टनहॅम डाव्या वळणाचं, तिथे प्रत्येक कुंपणावर तो जागा गमावणार. म्हणून बघायची ती तिथलीच 16 मार्च 1989ची गोल्ड कप. रात्रभर पाऊस, सकाळी बर्फ, धाव दलदल झालेली, सव्वातीन मैल आणि शेवटी चढण. त्याच्या विरुद्ध जाणारं सगळं एका दुपारी जमलं होतं. याहू नावाचा घोडा चिखलातला पट्टीचा. त्याने शेवटच्या टप्प्यात डेसीला गाठलं आणि ओलांडलंही. शेवटचं कुंपण पार झाल्यावर डेसी चढणीवर याहूच्या दिशेने तिरका सरकत गेला आणि दीड लांबीने जिंकला. स्लूने बेलमाँटला जे जवळजवळ केलं, ते याने पूर्ण केलं.

तेवढ्यावर थांबू नका. 1990मध्ये अकरा वर्षांचा झाल्यावर त्याने आयर्लंडमधल्या फेअरीहाउसला आयरिश ग्रँड नॅशनल बारा स्टोन, म्हणजे 76 किलो, पाठीवर घेऊन जिंकली, बारा लांब्यांनी. शेवटच्या कुंपणावर मोठी चूक करूनही. जॉकी रिचर्ड डनवुडी वर कसा टिकला, हे दोनदा बघावं लागतं.

एक चौथं नाव जाता जाता: ऑस्ट्रेलियाचा व्हो रोग. 83 शर्यती, 26 विजय, जॉकी सिरिल स्मॉल. सुझुकासारखाच लांब निघून जायचा, पण सुझुकापेक्षा कितीतरी जास्त वेळा पकडला जायचा. 1988च्या ऑस्ट्रेलियन कपमध्ये तर 125 ला 1 भावाच्या डँडी अँडीने त्याला गाठलं. 1989 आणि 1990मध्ये मात्र त्याने तीच शर्यत जिंकली. त्याचा ट्रेनर व्हिक रेल 1994मध्ये ब्रिस्बेनच्या हेंड्रा भागात घोड्यांतून आलेल्या विषाणूने गेला. त्या विषाणूला पुढे त्याच भागाचं नाव मिळालं.

तर निवड. निव्वळ वेग बघायचा असेल आणि मन घट्ट असेल तर सुझुका, पण किन्को शो आणि माइनिची ओकानपाशी थांबा. तेन्नो शो आठवडाभराने. हातात अर्धाच तास असेल तर स्लूच्या दोन शर्यती पुरतात, डर्बी आणि ती हरलेली. उड्यांच्या शर्यतींत घोडे पडतात, हे ज्यांना बघवत नाही त्यांनी डेसीच्या वाटेला जाऊ नये. 1989च्या गोल्ड कपमध्येही टेन प्लस नावाचा घोडा पडून दगावला, आणि मी ते लपवून शिफारस करणार नाही. बाकी सगळ्यांनी डेसीपासूनच सुरुवात करावी. केम्प्टन 1986, चेल्टनहॅम 1989, फेअरीहाउस 1990, या क्रमाने. शेवटी 1991चा किंग जॉर्ज: तो पडतो, उठतो आणि जॉकीशिवायच शर्यत पूर्ण करतो. तो 2006पर्यंत जगला आणि त्याची रक्षा केम्प्टनलाच आहे.

हे सगळं भाच्याला पाठवलं. दहा मिनिटांत त्याचा मेसेज आला: "मामा, उशीर झाला. मी सुझुकाची शेवटचीच आधी बघितली."

म्हटलं, आज राहू दे. उद्या चेल्टनहॅम लाव.