‘चंदी-वैरणीसकट’ म्हणजे किती किलो? सोलापूरजवळच्या एका तबेल्याचं परीक्षण

पाचपैकी दोन तारे. त्यातला दीड मोतद्दाराच्या (घोड्याची निगा राखणाऱ्या माणसाच्या) खराऱ्याला, म्हणजे अंग घासून साफ करण्याला, आणि अर्धा मागच्या मुरमाड पटांगणाला. ज्या गोष्टींसाठी महिन्याचे पैसे घेतले जातात, म्हणजे वैरण, चंदी (दाण्याचा खुराक), पाणी आणि देखरेख, त्यांत तबेला नापास आहे.

जागा सोलापूर शहराबाहेर, गाडीने अर्ध्या तासावर. नाव मुद्दाम देत नाही, कारण या खोडी एकट्या याच तबेल्याच्या नाहीत. चौदा ठाणी (घोडा बांधायच्या जागा), दोन मोतद्दार. घोडे बहुतेक मारवाडी आणि काठियावाडी, एक-दोन भीमथडी, चार-पाच वरातीचे. महिना बारा हजार, ‘चंदी-वैरणीसकट पूर्ण सोय’. एका महिन्याची अनामत, नाल आणि औषधपाणी वेगळं. करारात ‘पूर्ण सोय’ तीन वेळा येतं, ‘किलो’ एकदाही येत नाही. सगळी गोम तिथेच आहे.

दावणीला दिवसाला तीन पेंड्या कडबा पडतो. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: “पेंड्या मोजून टाकतो की ओ!” खरंच मोजून टाकतात. पण पेंडी ही मोजायची गोष्ट आहे, तोलायची नाही, आणि घोड्याचं पोट तोलावर चालतं. स्प्रिंगच्या काट्याला टांगल्यावर तीन पेंड्या भरल्या १.४, १.९ आणि २.२ किलो, म्हणजे साडेपाच किलो. कुट्टी न करता अख्खा कडबा टाकल्यामुळे खालची जाड धाटं घोडा सोडून देतो. सकाळी गव्हाणीत उरलेली धाटं दीड किलो निघाली. पोटात गेला चार किलो. ३५० किलोच्या घोड्याला रोज वजनाच्या दोन टक्के, म्हणजे सात किलोच्या आसपास कोरडा चारा लागतो. दीड टक्का, म्हणजे सव्वापाच किलो, ही खालची हद्द. इथे ती हद्दही गाठली जात नाही. उन्हाळा चढतो तसा कडब्याचा भाव चढतो आणि पेंडी बारीक होत जाते, आकडा मात्र तीनच राहतो.

मालदांडी ज्वारीचा कडबा वाईट नाही. पोट भरायला, दात चालू ठेवायला चांगलाच. पण त्यात प्रथिनं जेमतेम चार-पाच टक्के. काम न करणाऱ्या प्रौढ घोड्यालाही एकूण खुराकात सात-आठ टक्के हवीत. ती कसर वाळलेल्या लसूणघासाने भरून निघते. दिवसाला एक ते दीड किलो पुरतो. तबेल्याच्या फलकावर लसूणघास आहे, गव्हाणीत नाही.

गळीत हंगाम सुरू झाला की कडब्याची जागा उसाचे वाढे (शेंड्याची हिरवी पानं) घेतात, कारण ते जवळजवळ फुकट मिळतात. वाढ्यांत ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. म्हणूनच जनावरांना वाढे देताना चुन्याच्या निवळीची प्रक्रिया करायला सांगतात. इथे ती कोणी करत नाही. वर हिरवा चारा म्हणून हत्तीगवत, त्यातही ऑक्झलेट. आणि चंदीत गव्हाचा कोंडा भरपूर, ज्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-दहा पट. तिन्ही एकत्र आले की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढू लागतं. आधी कारण न कळणारं, पाय बदलणारं लंगडणं दिसतं, मग चेहऱ्याची हाडं दोन्ही बाजूंनी फुगतात. चेहरा फुगेपर्यंत थांबलात तर फार उशीर झालेला असतो. कोंडा मूठभर ठेवावा, वाढे आणि हत्तीगवत बंद करावं, लसूणघास वाढवावा. चुनखडीची भुकटी द्यायची तर मात्रा पशुवैद्याकडून ठरवून घ्यावी.

कडवळीचं, म्हणजे हिरव्या ज्वारीच्या चाऱ्याचं, वेगळं सांगायला हवं. म्हशीला चालते म्हणून घोड्यालाही चालेल, हा समज इथल्या मालकाचा आहे. कोवळ्या किंवा पाण्याच्या ताणावर वाढलेल्या हिरव्या ज्वारीत सायनाइड तयार होतं, हे गुराखीही जाणतात. घोड्याला आणखी एक धोका असतो: हिरवी ज्वारी बरेच दिवस खाल्ली तर मूत्राशय आणि पाठीचा कणा यांवर परिणाम होतो. लघवी थेंबथेंब गळते, मागचे पाय लटपटतात, आणि हे बहुतेकदा पुरतं भरून येत नाही. वाळलेला कडबा चालतो, हिरवी कडवळ नको.

चंदी संध्याकाळी एकदाच, अडीच किलो: भिजवलेला हरभरा, मक्याचा भरडा, कोंडा. एका वेळी वजनाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त दाणा घोड्याला देऊ नये, म्हणजे ३५० किलोला पावणेदोन किलोच्या वर नाही. त्याहून जास्त पडला की स्टार्च न पचता मोठ्या आतड्यात जातो, तिथे आंबतो, आणि पोटशूळ किंवा खुरांच्या आतला दाह मागे लागतो. हीच चंदी तोबऱ्यातून (तोंडाला अडकवायच्या पिशवीतून) दोनदा दिली तर एका पैशाचाही जादा खर्च नाही. दुसऱ्या मोतद्दाराला सकाळी अर्धा तास लवकर यावं लागेल, एवढंच.

त्याहून वाईट म्हणजे रात्र. वैरण सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला. नऊपर्यंत गव्हाण रिकामी होते आणि पुढचे दहा तास घोडा उपाशी उभा राहतो. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं. चघळणं आणि लाळ थांबली की ते जठरालाच खातं. फळी चावणं, हवा गिळणं, ठाणावर डुलत राहणं याला तबेल्यात ‘खोड’ म्हणतात. बऱ्याचदा ती भूक असते. तबेला पाहायला जायचं तर सकाळी दहाला जाऊ नका, तेव्हा सगळं झाडून-पुसून ठेवलेलं असतं. रात्री अकराला जा आणि गव्हाणीत हात घाला.

वजन घटतंय की नाही हे नजरेवर सोडू नये; रोज पाहणाऱ्याला ते दिसत नाही. शिंप्याची टेप घ्या. कोपराच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या पुढच्या हाडापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर सुमारे ३४४ किलो. घेर १५८ वर आला की ३१५. म्हणजे सात सेंटिमीटर उतरले तर सुमारे २९ किलो गेले, आणि अंगावर झूल असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही. टेप दर पंधरा दिवसांनी, त्याच वेळी, शक्यतो त्याच माणसाने लावावी.

तबेल्यावर अन्याय नको म्हणून हेही: घोडा वाळतोय म्हणजे चाराच कमी, असं नाही. दातांना धार आली असेल तर तो अर्धवट चावलेले बोळे टाकतो. जंत असतील तर लीद तपासून कळतं. पावसाळ्यानंतर गोमाशांमुळे होणारा सर्रा असेल तर ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज दिसते; रक्त तपासावं लागतं. ‘इथली हवा मानवली नाही’ हे मात्र निदान नव्हे. या तीन गोष्टी आधी निकालात काढल्या तरच काट्यावरच्या वजनाचा मुद्दा मालकासमोर टिकतो.

जागेबद्दल थोडक्यात. ठाण १० बाय १० फूट; १२ बाय १२ हवं. वर पत्रा, उंची नऊ फूट, आणि शेडचं तोंड पश्चिमेला. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ च्या घरात जातो तेव्हा दुपारी तीननंतर ऊन थेट दावणीवर येतं. पत्र्यावर उसाचं पाचट अंथरून पश्चिमेला हिरवी जाळी लावली तरी बराच फरक पडेल. खाली शहाबादी फरशी. धुवायला सोपी म्हणून मालकाला तिचा अभिमान आहे, पण मूत पडलं की ती साबणासारखी निसरडी होते आणि घोडा आडवा व्हायला कचरतो. दाबलेला मुरूम आणि वर चार-सहा इंच लाकडाचा भुसा हे बरं.

पाणी दिवसातून दोनदा, हौदावर नेऊन. थंडीत भागतं. उन्हाळ्यात याच घोड्याला ३५ ते ४५ लिटर लागतं आणि तो एका दमात एवढं पीत नाही. कमी पाणी आणि वर कोरडा कडबा म्हणजे आतडं तुंबण्याला आमंत्रण. ठाणात वीस लिटरच्या दोन बादल्या टांगायच्या, किती रिकामी झाली ते बघायचं; आजाराची पहिली खबर बादलीच देते. शेवाळलेल्या सामाईक हौदातून ती मिळत नाही.

हौद सामाईक असण्यात दुसरंही भय आहे. दिवाळीच्या सुमारास अकलूजच्या घोडेबाजारातून नवे घोडे येतात, लग्नसराईत वरातीचे घोडे चार गावं फिरून येतात, आणि सगळे त्याच दिवशी जुन्यांच्या शेजारी बांधले जातात. नवा घोडा दोन-तीन आठवडे वेगळा, वेगळ्या बादलीवर ठेवायला हवा. घशाच्या गाठींचा संसर्ग हौदातून पसरतो. ग्लँडर्स हा घोड्यांचा जीवघेणा आजारही तसाच पसरतो, आणि तो माणसालाही होतो. ग्लँडर्सची खबर देणं २००९च्या पशुरोग कायद्याने बंधनकारक आहे. रक्ततपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राशी जोडलेली आहे. शेजारच्या घोड्याचा अहवाल मागणं हा आगाऊपणा नाही. इथे मागितला तर एकाचाही निघाला नाही. धनुर्वाताच्या लशीची नोंद नाही, थर्मामीटर नाही. घोड्याचं तापमान ३७.५ ते ३८.५ असावं, हे भिंतीवर खडूने लिहिलं तरी पुरे. कोंबड्यांचं खाद्यही चंदीच्याच खोलीत. त्यात मोनेन्सिन हे कोंबड्यांचं औषध असू शकतं, आणि ते घोड्याला अगदी थोड्या मात्रेतही मारक असतं. ही एक गोष्ट आजच्या आज हलवायला हवी. नालबंद ‘येतो तेव्हा येतो’. सहा ते आठ आठवड्यांची पाळी कोणी पाळत नाही.

अशा व्यवस्थेत अडकलेल्यांनी काय करावं? तोंडी भांडू नये, तोंडी भांडण मोतद्दारावर शेकतं. पेंड्यांची वजनं, टेपची मापं आणि तारखेचे फोटो व्हॉट्सॲपवर लेखी पाठवावेत आणि चारच गोष्टी मागाव्यात: वैरण किलोत, रात्री दहाला तिसरी वैरण, चंदी दोनदा, ठाणावर नोंदीचा कागद. मुदत पंधरा दिवस. हा मालक दुष्ट नाही. पहिला आठवडा सगळं करतो, दुसऱ्यात विसरतो. स्वतःचा कडबा आणि घास पोचवून महिन्याचे पैसे कमी करून घेणं हा मधला मार्ग आहे, पण खोलीची किल्ली स्वतःकडे असेल तरच.

घोडा हलवायचं ठरलं तर आधी नवी जागा पक्की करा, नंतर नोटीस द्या. उलट केलंत तर मधले तीस दिवस घोड्याला जड जातात. निघायच्या दिवशी पशुवैद्याकडून तपासणी करून वजन, अंगकाठी आणि खुरांची स्थिती लिहून घ्या. वाहतुकीसाठी प्रमाणपत्र लागतंच. चारी बाजूंनी फोटो काढा. जुन्या जागेचा आठ-दहा दिवसांचा चारा सोबत न्या, निकृष्ट असला तरी. चारा एकदम बदलला की पोटशूळ उठतो आणि दोष नव्या तबेल्यावर जातो. गाडीत वाळू अंथरा, ऊन चढायच्या आत निघा.

‘हिशेब पुरा करा, मगच घोडा सोडतो’ ही अडवणूक ठरलेली. १८७२च्या करार कायद्यानुसार हा निक्षेप, म्हणजे आपली वस्तू दुसऱ्याकडे सांभाळायला देणं, आहे. ठेवून घेणाऱ्याने साधारण शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी घ्यायची, हे कलम १५१ सांगतं. कलम १७० थकबाकीसाठी वस्तू अडवायचा हक्क देतं, पण श्रम किंवा कौशल्य लागणाऱ्या कामापोटी. नुसत्या चाऱ्या-पाण्याला तो लागतो का, यावर वाद घालता येतो. गेटवर उभं राहून तो घालू नये. वादातली रक्कम ‘हरकत राखून’ असं लिहून यूपीआयने भरावी, घोडा बाहेर काढावा आणि मग मागावी. रोख देऊ नये. घोडी ठेवली असेल आणि तिथे व्याली, तर शिंगरू तुमचंच. कलम १६३ मध्ये गाय-वासराचं उदाहरण आहे, तेच इथे लागतं.

पुढे १९१५ या नंबरवर ग्राहक हेल्पलाइन आणि जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वरातीच्या धंद्याचा घोडा असेल तर समोरचा ‘हा व्यापारी वापर’ म्हणेल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबवत असाल तर सूट आहे, पण ते तक्रारीतच लिहावं लागतं. घोडा उपाशी असल्याचं माहीत असून तिथेच ठेवला, तर १९६०च्या प्राणी क्रूरता कायद्याचं कलम ११ घोड्याच्या मालकालाही गाठू शकतं. तातडीच्या आजाराला १९६२ या नंबरवर पशुवैद्यकीय फिरतं पथक मिळतं. तो नंबरही तबेल्यात कुठे लावलेला नाही.

ज्यांना दिवसाआड चक्कर मारता येते, चारा स्वतःचा आहे आणि घोडा नोव्हेंबर ते फेब्रुवारीपुरताच ठेवायचा आहे, त्यांना ही जागा चालेल. पटांगण खरंच चांगलं आहे, पहारेकरी रात्री जागा असतो, आणि थोरला मोतद्दार सकाळी वीस मिनिटं खरारा करतो तेव्हा घोडा डोळे मिटून उभा राहतो. सात घोड्यांमागे एक माणूस, पगारात आधीच ओढाताण. त्याच्या हातात काटा दिला तर तो तोलून टाकेल. काटा विकत घेऊन द्यायचं काम मालकाचं आहे, आणि ते त्याने अजून केलेलं नाही.