डोंबिवली की गाव? रिटायर झाल्यावर राहायचं कुठे

आमच्या साडूंचा महिनाभर रोज फोन, फ्लॅट विकू की भाड्याने देऊ. ते सरकारी नोकरीतले, अठ्ठावन्नला मोकळे झाले. गाव राजापूर तालुक्यात आणि फ्लॅट डोंबिवलीत, म्हणजे सेम माझीच केस. मी २०२० ला बँकेतून रिटायर झालो, पुढच्या वर्षी गावी गेलो, चौदा महिने सलग राहिलो आणि परत आलो. त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं कळतं. त्यांना फोनवर जे तुकड्यातुकड्यात सांगितलं ते इथे एकदाच लिहून टाकतो, अजून कोणी कुंपणावर बसलं असेल तर उपयोगी पडेल.

पहिला मुद्दा कामाचा. गावाला तुम्हाला काम शोधावं लागत नाही, कामच तुम्हाला शोधत येतं. सकाळी सहाला पंप चालू करायचा, पाटाचं पाणी पोफळीच्या (सुपारीच्या झाडाच्या) आळ्यात वळवायचं, आळं भरलं की मातीने तोंड बंद आणि पुढच्याचं उघडायचं, खोऱ्याचे दोन फटके इकडे दोन तिकडे, असं पन्नास पोफळींना केलं की साडेआठ वाजतात आणि भूक अशी लागते की कालची भाकरी पण गोड लागते. एक दिवस नाही केलं तर झाड सुकलेलं दिसतं हो, तिथे कोणी तुम्हाला रिटायर वगैरे मानत नाही. नंतर गवत आहे, गडगा ढासळलाय, वानरं कौलांवर नाचून गेलीत, पावसाआधी शाकारणी राहिलीय, म्हणजे संपतच नाही.

डोंबिवलीत याच्या बरोब्बर उलटं. गावाहून परत आल्यावर पहिले तीन महिने मी पेपर अकरापर्यंत पुरवून वाचायचो आणि मग किचनमध्ये जाऊन कुकरच्या शिट्ट्यांवर मत द्यायचो (घरात किती लोकप्रिय झालो असेन बघा). काम सापडलं ते अपघाताने. नोव्हेंबरमध्ये खालच्या मजल्यावरचे आजोबा हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांगेत उभं राहायला निघालेले, ऐंशी पार माणूस, त्यांना माहीतच नव्हतं की ऐंशीच्या वरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो आणि मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो. पाच मिनिटांत करून दिलं. मग त्यांनी चार जणांना सांगितलं, त्यांनी अजून चार जणांना, आता ऑक्टोबर-नोव्हेंबर मला दुपारी झोपायला मिळत नाही. बाकीचे दहा महिने त्याच लोकांचे नॉमिनेशन, एफडी रिन्यूअल, फ्रॉडचे मेसेज दाखवायला येणं चालू असतं. पण हे जमायला दीड वर्ष गेलं आणि तेवढ्या काळात माणूस चिडचिडा होतो हे धरून चाला.

माणसांचं म्हणाल तर गावात घरं भरपूर आणि आत माणसं नाहीत. आमच्या वाडीत अठरा घरं, त्यातली बाराही महिने उघडी सात. गणपती, शिमगा आणि मे महिन्यात गजबज, मग चाकरमानी गेले की संध्याकाळी सातनंतर बेडकांचाच आवाज. ज्याला एकटं राहायची सवय आहे त्याला स्वर्ग आहे, मला दुसऱ्या पावसाळ्याची धास्तीच वाटायला लागली.

तब्येतीचं जरा नीट सांगतो कारण इथेच लोक फसतात. गावी गेल्यावर पाच महिन्यांत माझी तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ७.८ वरून ६.९ वर आली, मी कुठला वॉक नाही घेतला, नुसतं वाकणं, उकिडवं बसणं, चढउतार. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम हवा, आणि पासष्टच्या वरच्यांनी तोल आणि ताकद वाढवणारं काहीतरी तीन दिवस करावं. डोंबिवलीत आमचा ग्रुप सकाळी पाऊण तास सपाट रस्त्यावर गप्पा मारत फिरतो आणि शेवटी वडापाव खातो, त्यात तोल कुठून येणार. पण गावच्या पावसात तीन महिने घरात बसून तळलेले गरे खाल्ले तेव्हा तीच शुगर परत वर गेली, हे पण खरंय.

आणि जुलैमध्ये खळ्यातल्या शेवाळावर पाय घसरला. शेजारच्या पोराने रिक्षात घातलं, तालुक्याला नेलं, तिथे एक्स-रे काढणारा माणूस सुट्टीवर, मग तसंच रत्नागिरी, दीड तास वर. घोटाच होता म्हणून हे आज हसत सांगतोय. छातीत दुखलं असतं तर? ज्यांना स्टेंट पडलाय, ज्यांचं डायलिसिस चालू आहे त्यांनी बारमाही गावाचा विचारच करू नये असं माझं स्पष्ट मत. पावसात लेप्टो (उंदरांमुळे साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) असतो, ताप अंगावर काढायचा नाही. सत्तर पूर्ण असतील तर आयुष्मान भारतचं, पाच लाखांपर्यंत मोफत उपचारांचं कार्ड काढून घ्या, पण ते गावाजवळच्या कुठल्या हॉस्पिटलात चालतं ते आधी जाऊन विचारा.

पैशाचं थोडक्यात. गाव स्वस्त हा गैरसमज आहे, भाजीचे वाचतात ते गड्याच्या मजुरीत आणि कौलांत जातात. एसटीला पासष्टपासून अर्धं तिकीट, पंचाहत्तरनंतर फुकट. रेल्वेची सवलत २०२० ला बंद झाली ती झालीच.

आता खरी गोष्ट. मी गाव सोडलं ते घोट्यामुळे नाही. मे महिन्यात घरात अकरा पाहुणे होते, मी त्यांना बाग दाखवत फिरत होतो आणि ही चुलीपुढे. नंतर कळलं की तिने डोंबिवलीच्या ग्रुपवर मेसेज टाकलेला, गुरुवारच्या भजनाला माझी जागा ठेवा. मला हे तिच्या मैत्रिणीच्या नवऱ्याकडून कळलं. तीस वर्षं जमवलेली तिची माणसं डोंबिवलीत, आणि गाव माझं. तिला मी विचारलं होतं, पण आईसमोर विचारलं होतं.

सध्या आम्ही जानेवारी ते एप्रिल गावी, बाकी डोंबिवली, मध्ये गणपतीला फेरी. यातही कटकट आहेच, बंद घराला वाळवी लागते आणि पंप दर वर्षी जाम होतो. साडूंना म्हणलं फ्लॅट विकू नका, अकरा महिन्यांच्या कराराने द्या, आणि जायचंच तर जूनमध्ये जा, जानेवारीत सगळ्यांनाच कोकण आवडतं. ते गेल्या रविवारी टेम्पो भरून गेले, माझा ग्रासकटर पण घेऊन गेलेत. त्यांची बायको मात्र म्हणाली की मी दिवाळीनंतर येते.