जुन्या पिकअपचं ॲव्हरेज आणि आठ महिने वापरलेला ओबीडी स्कॅनर

ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलच्या ॲपवर दाखवणारा ॲडॅप्टर, घ्यावा का? घ्यावा. त्यानं ॲव्हरेज वाढतं का? माझं जेवढं वाढलं त्यातलं साधारण निम्मं त्याच्या खात्यावर टाकीन. बाकीचं नोंदवही, जॅक आणि हाताच्या पंजानं शोधलं.

गाडी वीसेक वर्षांची, २.४ लिटरची पेट्रोल पिकअप, पाच गिअरची. हातात आली तेव्हा लिटरला १० किलोमीटर द्यायची. उतरत उतरत ७.४ वर आली. चेक इंजिनचा दिवा या काळात एकदाही लागला नाही. प्लग बदलून झाले, इंजेक्टर साफ करून झाले, एअर फिल्टर तर दोनदा बदलला. (पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत तुंबलेल्या फिल्टरमुळे गाडी ओढत नाही, पण ॲव्हरेज फारसं पडत नाही, कारण कॉम्प्युटर आत आलेली हवा मोजूनच पेट्रोल सोडतो. कार्ब्युरेटरवाल्या गाडीची गोष्ट वेगळी. हे मला दुसऱ्या फिल्टरनंतर कळलं.) मेकॅनिकचं शेवटचं वाक्य ठरलेलं: "जुनी गाडी आहे, एवढंच देणार."

म्हणून ब्लूटूथचा, ईएलएम ३२७ (स्वस्त स्कॅनरांत असते ती चिप) जातीचा ॲडॅप्टर घेतला. पहिला परत करावा लागला. जुन्या गाड्या आजच्या कॅन प्रोटोकॉलवर (गाडीतल्या कॉम्प्युटरांची बोलायची ठरलेली भाषा) बोलत नाहीत. अमेरिकेत ओबीडी-२ १९९६ पासून सक्तीचं झालं, पण कॅनची सक्ती २००८ मध्ये आली. मधल्या काळातल्या गाड्या चार-पाच वेगवेगळ्या भाषा बोलतात आणि स्वस्त नकली ॲडॅप्टरना त्या सगळ्या येत नाहीत. दुसरा जोडला गेला, पण मंद. एका वेळी चारपेक्षा जास्त आकडे मागितले की अडखळतो. चारच मागायचे, भागतं.

पहिला दोष दहा मिनिटांत दिसला, म्हणून मी भलताच खूश झालो. लाँग टर्म फ्यूल ट्रिम (ठरलेल्या मापापेक्षा कॉम्प्युटर किती पेट्रोल कायम कमी-जास्त देतोय तो आकडा) आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, +१४ टक्के आणि इंजिन २५०० आरपीएमवर धरलं की +५. मास एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत असं दिसलं तर हवा सेन्सरला चुकवून आत शिरते आहे असं समजायचं. आयडलला एकूण हवा कमी, त्यामुळे गळती मोठी दिसते. आरपीएम वाढले की तीच गळती पातळ होते. इनटेकला जाणाऱ्या एका रबरी पाइपाला खालच्या बाजूनं तडा गेलेला निघाला. पाइप बदलला, आयडल गुळगुळीत झालं. ॲव्हरेज? ७.५. म्हणजे काहीच नाही. नंतर विचार केल्यावर पटलं: कॉम्प्युटर जादा पेट्रोल देत होता ते जादा हवेला जुळवण्यासाठीच.

त्यानंतर ट्रिम सगळीकडे +६ वर स्थिरावली. इथे मी शुद्ध मूर्खपणा केला. +६ म्हणजे अजून काहीतरी बिघडलंय असं धरून ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा, ज्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल जुळवतो) बदलला, एअर फ्लो सेन्सर धुतला, महिना घालवला. आकडा जागचा हलला नाही. कारण पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल (ई१० म्हणजे दहा टक्के, ई२० म्हणजे वीस). निव्वळ पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई१० ला १४.१ च्या आसपास आणि ई२० ला साधारण १३.५. माझ्या जुन्या गाडीच्या डोक्यात १४.७ च बसलंय, म्हणून ई२० वर ती ट्रिम वाढवून जमवून घेते. तो दोष नव्हताच. मिश्रित इंधनात लिटरमागे ऊर्जाच थोडी कमी असते, ते नुकसान कोणी भरून देत नाही.

खरा चोर कूलंटच्या तापमानात सापडला. डॅशबोर्डवरचा काटा मध्याच्या जरा खाली, तोही वर्षानुवर्षं, म्हणून कधी संशय आला नाही. स्कॅनरवर मोकळ्या रस्त्यावर ६८ ते ७२ अंश आणि गाडी थांबली की ८०. उलटं! जिथे ९० च्या जवळ ठाम राहायला हवं, तिथे वारा लागला की इंजिन गार पडत होतं. फ्यूल सिस्टिम स्टेटस सकाळी पंधरा-पंधरा मिनिटं ओपन लूप दाखवायचं, म्हणजे तेवढा वेळ ऑक्सिजन सेन्सरला कोणी विचारत नव्हतं आणि गाडी थंड इंजिनासारखी जास्त पेट्रोल पीत होती. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडा अडकला असेल म्हणून हाउसिंग उघडलं, तर आत थर्मोस्टॅटच नव्हता. कधीतरी गाडी तापत होती तेव्हा कुठल्यातरी गॅरेजात तो काढून फेकला होता आणि रिकामं हाउसिंग परत बसवून दिलं होतं. हा "इलाज" करणाऱ्यांना हात जोडून सांगतो, नका करू. नवा बसवला, इंजिन सात मिनिटांत गरम होऊ लागलं आणि पुढच्या तीन टाक्यांची सरासरी ८.२ आली.

टाकी मोजायची पद्धत सांगून टाकतो. तोच पंप, तोच नोझल, पहिला कट पडला की थांबायचं, "अजून थोडं" नाही. तरी एका टाकीवर विश्वास नको. तीन-चार टाक्यांची बेरीज करून भागायचं. ॲपवर दिसणारं ॲव्हरेज हवेच्या आकड्यावरून काढलेलं असतं. माझ्याकडे ते पंपाच्या हिशेबापेक्षा कायम जास्तच दाखवतं, मी ते बघणं सोडून दिलंय.

टायरचा घोळ मात्र ॲपमुळेच कळला, तोही अपघातानं. जीपीएसचा वेग ७५ आणि गाडीचा ७०. मूळ टायर २३५/७५ आर १५, व्यास सुमारे ७३४ मिलिमीटर. आधीच्या मालकानं रुबाबासाठी ३१ इंची बसवलेले, कागदावर ७८७. सात टक्के मोठे! म्हणजे ओडोमीटर १०० म्हणतो तेव्हा गाडी १०७ चाललेली असते. माझं ७.४ प्रत्यक्षात ७.९ होतं, मी उगाच रडत होतो. आणि थर्मोस्टॅटनंतरचं ८.२ म्हणजे खरं ८.८. हिशेब बदलला, टायर तेच ठेवले. हवा मात्र २६ वर होती ती ३५ केली. दर पीएसआयला ०.२ टक्के धरलं तरी दोनेक टक्के फुकट मिळाले.

शेवटचा दोष कुठल्याच स्क्रीनवर येणार नव्हता. मोकळ्या सपाट रस्त्यावर न्यूट्रल टाकलं की गाडी लवकर थांबते असं वाटायचं. एकदा ब्रेक जवळजवळ न लावता घरी आलो आणि चारही रिमांजवळ हात नेला. तीन कोमट, पुढचं उजवं चटका देणारं. जॅकवर उचलून फिरवलं तर अर्ध्या फेरीत थांबलं. कॅलिपरची (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) स्लाइड पिन, ज्यावर तो सरकतो, गंजून बसली होती. साफ करून ग्रीस लावलं, त्या बाजूचे पॅड बदलले. खरं ॲव्हरेज आता ९.३.

ॲडॅप्टरची एक तक्रार: सोळा पिनांपैकी एक थेट बॅटरीला असते, गाडी बंद असली तरी चालू. दोन आठवडे तसाच लावून ठेवला आणि परत आलो तेव्हा गाडीनं स्टार्टर घेतलाच नाही. आता काम झालं की उपटून ग्लोव्ह बॉक्समध्ये.

मागचं फाळकं उघडं ठेवून बघा असा सल्ला तिघांनी दिला. दोन टाक्या बघितलं, उपयोग नाही; बंद फाळक्यामागे हौद्यात हवेचा भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत जाते. वाऱ्याला आडवा येतो तो हौद्यावरचा लोखंडी सांगाडा, वर त्याचं वजन. काढला तर आकडा आणखी सरकेल हे माहीत आहे. पण मग शिडी कुठे बांधू?