दोन युआनमध्ये सतरा मजले: छोंगछिंगच्या सरकत्या जिन्याबद्दल माझ्या गुडघ्यांचं मत

माझा डावा गुडघा उजव्यापेक्षा खवचट आहे. या परीक्षणात त्याचंच मत ग्राह्य धरावं, मी फक्त लिहून देतेय.

लेक आणि जावई नोकरीनिमित्त चीनमधल्या छोंगछिंगला असतात. त्यांच्याकडे दहा आठवडे राहायला निघाले तेव्हा सगळ्यांनी तिखटाबद्दल बजावलं, चॉपस्टिकबद्दल बजावलं. जिन्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी पस्तीस वर्षं भूगोल शिकवला. यांगत्से आणि ज्यालिंग यांच्या संगमावरचं शहर, १९९७ पासून थेट केंद्राच्या अखत्यारीत, हे फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. पण दोन नद्यांच्या मधे डोंगराची सोंड आहे आणि जुनं शहर त्या सोंडेच्या पाठीवर चढून बसलंय, हे फळ्यावर कळत नाही. इथले लोक सरळ 'वरचं शहर' आणि 'खालचं शहर' म्हणतात. पूर्व-पश्चिम विचारलंत तर चेहऱ्याकडे बघत राहतात.

पहिल्याच आठवड्यात एका टॅक्सीवाल्याने मला 'आलं' म्हणून उतरवलं. मोबाइलवरचा नकाशाही तेच म्हणत होता, निळा ठिपका अगदी बरोबर जागी. फक्त मला जायचं होतं ते दुकान माझ्या पायाखाली होतं, चांगलं दहाबारा मजले खाली! नकाशाला उंची कळत नाही. त्या दिवशी मी पायऱ्या उतरून गेले आणि दोन दिवस अंथरुणावर होते.

तेव्हा लेकीने मला ल्यांगलुखोउला नेलं. तिथे मेट्रोच्या स्थानकाला लागूनच ह्वांगक्वान नावाचा सरकता जिना आहे. ह्वांगक्वान म्हणजे राजमुकुट. नाव ऐकून झुंबरं वगैरे डोळ्यांसमोर आली, पण आत साधा झाकलेला तिरका बोगदा आहे. लांबी ११२ मीटर, उंचीतला फरक ५२.७ मीटर, म्हणजे सतराएक मजले. १९९६ साली सुरू झाला. खाली त्साय्युआनबाचं रेल्वे स्थानक, वर शहर. बोचकी घेऊन गाडीतून उतरलेल्या माणसाला वर आणायचं, एवढाच त्याचा जन्माचा उद्देश. ते स्थानक नूतनीकरणासाठी २०२२ पासून बंद आहे, त्यामुळे बोचकीवाले कमी आणि मोबाइल उंचावून चित्रीकरण करणारे जास्त, असं सध्याचं चित्र. तिकीट दोन युआन.

हो, सरकत्या जिन्याला तिकीट. जावयाला मी म्हटलं, "अहो, मॉलमध्ये फुकट असतो की!" तर ते म्हणाले, "आई, मॉलमधला तुम्हाला साड्यांपर्यंत नेतो. हा घरापर्यंत नेतो." बरोबर आहे. ही बस आहे, फक्त तिला पायऱ्या आहेत.

आता मुद्द्याचं. सगळे परीक्षक वर जाण्याचं कौतुक लिहितात. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांना वाटतं, चढणं म्हणजे कष्ट आणि उतरणं म्हणजे मजा. चढताना फक्त दम लागतो हो. उतरताना अख्ख्या देहाचा भार प्रत्येक पायरीला गुडघ्याच्या वाटीवर येऊन आदळतो. म्हणून मी पहिलं तिकीट काढलं ते खाली जायचं. लेक म्हणाली, "आई, लोक चालत उतरतात आणि वर यायला पैसे देतात." म्हटलं, देऊ देत. मी दोन्हीकडचे देईन.

वरच्या तोंडाशी उभं राहून खाली पाहिलं आणि पोटात गोळा आला. तीस अंशांचा उतार कागदावर काही वाटत नाही, पण शेवटची पायरी दिसत नाही तेव्हा वाटतो. खालून वर येणारी माणसं आधी नुसती डोकी, मग खांदे, अशी उगवत होती. मी दोन्ही हातांनी कठडा धरला. खालपर्यंत पोचायला अडीच मिनिटं लागली, घड्याळ लावून पाहिलं. पहिलं अर्धं मिनिट रामरक्षा, त्यानंतर मात्र शेजारून वर जाणाऱ्या माणसांची तोंडं निवांत बघता येतात. सगळ्यात छान दिसला तो एक बांगबांग. खांद्यावर बांबू आणि दोर घेऊन ओझी वाहणाऱ्या इथल्या हमालांना बांगबांग म्हणतात. आता फार थोडे उरलेत. तो बांबू पायरीवर उभा टेकवून, त्यावर हनुवटी ठेवून चक्क पेंगत होता. वरचं टोक आलं तेव्हा डोळे न उघडता पाऊल उचललं त्याने. याला म्हणतात नियमित ग्राहक.

खोड काढायचीच तर एक आहे. मधे कुठे थांबा नाही, बसायला जागा नाही, आणि खाली पाहून गरगरणाऱ्यांनी समोरच्या माणसाच्या पाठीकडे बघत राहावं हे उत्तम. छोंगछिंगच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सकाळी लवकर जा. नाणी जवळ ठेवा. मी रोख देत होते, तर मागचा मुलगा मोबाइल पुढे करून माझ्याकडे पुराणवस्तू पाहावी तसं पाहत होता.

तुलनेसाठी काइश्युआन रस्त्याची लिफ्टही पाहिली. १९८६ पासून वरचं आणि खालचं शहर जोडतेय, तिकीट एक युआन. गुडघ्यांच्या दृष्टीने निर्दोष सेवा. आत गेलं, दार मिटलं, बाहेर आलं तर दुसरा रस्ता. पण लिफ्टमध्ये बघायला काय, तर समोरच्याच्या पिशवीतली कांद्याची पात. यांगत्सेवरचा रोपवे १९८७ चा, ११६६ मीटर लांब. मुळात नदीपलीकडे कामाला जाणाऱ्यांसाठी बांधलेला, आता रांग पर्यटकांची आणि एका बाजूचे वीस युआन. पाळण्यात उभंच राहायचं, त्याआधी रांगेतही उभंच. डाव्या गुडघ्याने रांगेतच नकार कळवला. लिझिबाला मेट्रो १९ मजली इमारतीच्या पोटातून जाते, ते सगळ्यांनी पाहिलंय, त्यावर मी काही लिहीत नाही.

बायश्यांगज्यूबद्दल मात्र लिहायला हवं. २४ मजल्यांची वस्ती, लिफ्ट एकही नाही. ऐकून माझ्या अंगावर काटाच आला. पण तिला रस्त्याला लागणारी दारं तीन आहेत: एक पहिल्या मजल्यावर, एक दहाव्यावर, एक पंधराव्यावर. डोंगराने तीन वेगवेगळ्या उंचीवर रस्ते दिलेत, तर इमारतीने तिघांनाही दार दिलं. कुठेही राहत असाल तरी नऊ मजल्यांहून जास्त चढावं लागत नाही. वास्तुविशारदाच्या हुशारीला दाद देते. नऊ मजल्यांना मात्र देत नाही.

तर, गुण. ह्वांगक्वान पाचपैकी साडेचार, काइश्युआनची लिफ्ट चार, रोपवे दोन (नदी दिसते म्हणून). दहा आठवड्यांत ह्वांगक्वानवर मी अकरा वेळा गेले, आणि त्यातल्या सात वेळा खाली मला काहीही काम नव्हतं.

शेवटच्या खेपेला माझ्या पुढच्या पायरीवर माझ्याच वयाच्या एक बाई होत्या, हातात पालेभाजीची जुडी. उतरताना मी एक पाय जरा जपून टाकला, ते त्यांनी पाहिलं. काहीतरी म्हणाल्या, मला अक्षर कळलं नाही. मग त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली, माझ्या गुडघ्याकडे बोट केलं आणि तोंड वाकडं केलं. मी दोन बोटं दाखवली: दोन्ही. त्यांनी एकच दाखवलं, डावा, आणि जुडीतल्या दोन काड्या काढून माझ्या पिशवीत टाकल्या.