आधी स्कॅनर की मल्टिमीटर?
चालत्या गाडीचा डॅशबोर्डवरचा मीटर मध्येच विझतो, परत आपोआप लागतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेजला गाडी नेली की बहुतेक जण आधी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावतात. साठलेले कोड दिसतात खरे, पण व्होल्टेज क्षणभर पडलं तरी एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग सगळेच एकदम तक्रार करतात आणि चांगला सेन्सर उगाच बदलला जातो.

मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं साधन, वेळ खातो, पण मुळाशी नेतो. इंजिन बंद, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून बॉडीपर्यंत व्होल्टेज मोजा. ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंगवर, म्हणजे बॅटरी बॉडीला जोडणाऱ्या वायरवर, संशय घ्या. वायर हलवत आकडा बघत राहा. माझ्या गाडीत बोल्टाखाली हिरवट गंज निघाला, गगनबावड्याच्या पावसात धरलेला.

मी आधी मल्टिमीटरच धरेन. स्कॅनर नंतर, फ्रीज फ्रेमसाठी: कोड पडला तेव्हा वेग किती, इंजिन किती तापलेलं, ते त्यातच कळतं.